परमुलखाची जोडी

तुमचा चाळिसावा परवा झाला. फुलंब्रीहून तुमचे भाऊबंद आले, फातिहा झाली, जेवणं झाली आणि सगळे आपापल्या गावी गेले. माझी इद्दत, नवऱ्यामागं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, अजून संपायची आहे, म्हणून मी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. आपला लेक साजिद सकाळी चितेगावला कंपनीत जातो तो दिवेलागणीला परततो. मधला अख्खा दिवस या घरात माझ्याशी कुणी वाद घालत नाही. तुम्ही असतात तर एवढ्या वेळात आपलं एक भांडण होऊन, मिटून, दुसरं उभं राहिलं असतं.

घरात आपण दखनी बोलायचो. भांडायचो मात्र मराठीत. "उर्दूत भांडायला गेलं की मुशायरा होतो," तुम्ही म्हणायचात, "खरं भांडायचं तर मराठीत ये." जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मराठी शिकवलं, तरी जिंकायचात तुम्हीच. माझी मराठी फळ्यावरची आणि तुमची फुलंब्रीच्या बाजारातली. म्हणून हेही मराठीतच लिहिते आहे. आपलं सगळ्यात जुनं भांडण अर्धंच राहिलं, उस्ताद.

"उस्ताद" हे मी टोमणा म्हणून म्हणायला लागले, हे तुम्हाला ठाऊक होतं. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. पुण्याकडच्या त्या प्रबोधिनीत, जिथं कोवळी पोरं अफसर व्हायला येतात, तुमची नेमणूक पोहणं शिकवायला झाली आणि अख्ख्या क्वार्टर्समध्ये तुम्ही उस्ताद झालात. मला हसू यायचं. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, आणि म्हणे उस्ताद! पण सुट्टीत तिथं राहायला आले, तलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभं असलेलं तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं, हा माणूस आजवर मला कोरडाच माहीत होता.

भांडण त्याच सुट्टीत सुरू झालं. मी भाकरी थापत होते. तुम्ही कौतुकानं सांगत होतात की यंदा तुमच्या गटात मित्रदेशांची पोरं आली आहेत. कुणी बेटावरचा, कुणी डोंगरातला, कुणी वाळवंटातला. मी म्हणाले, "का? आपल्या देशातली पोरं शिकायची संपली का?"

"त्यांच्या जागा येगळ्या असतात. आपल्या पोरांची एकबी जागा त्याच्यात जात नाय."

"मग आपली मैदानं, आपला तलाव, आपला उस्ताद त्यांना कशाला?"

"आपलेबी अफसर त्यांच्या डोंगरात जातात की, बर्फात ऱ्हायचं शिकायला. दोस्ती अशीच असती. अन् विहीर आपली हाय म्हणून पाणी आपल्यापुरतंच ठिवायचं का?"

"विहिरीचं पाणी आणि बंदूक एक नाही. उद्या त्याच पोरानं आपल्याकडं नळी फिरवली तर?"

"मी बंदूक शिकवत नाय. मी पवायला शिकवतो."

"पोहायलाही लढाईसाठीच शिकवता ना? नदी ओलांडून पलीकडं जायला?"

तुम्ही भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि म्हणालात, "ज्याला नदी वलांडता येती, त्याला माघारीबी येता येतं."

तेव्हा मी गप्प बसले ते उत्तर पटलं म्हणून नाही. तव्यावरची भाकरी करपत होती म्हणून.

मग फिरोज आणि नुरलान आले. त्यांच्या देशांची नावं मी लिहीत नाही. दोघंही अजून वर्दीत आहेत आणि माझ्या लिहिण्यानं त्यांना उगाच त्रास नको. एवढंच सांगते की दोन्ही देश डोंगरांचे, समुद्र दोघांनाही नाही, आणि दोघांच्या मधून एकच नदी वाहते. त्या नदीच्या पाण्यावरून आणि काठच्या कुरणांवरून त्यांचं वैर त्यांच्या आजोबांच्या काळापासूनचं. आपल्याशी मात्र दोघांचीही दोस्ती. त्यामुळं दोघांनीही आपली पोरं आपल्याकडंच धाडली आणि ती एकाच गटात आली. जेवणाच्या टेबलावर एक बसला की दुसरा उठायचा, असं तुम्ही सांगितलं होतं.

पोहता दोघांनाही येत नव्हतं. फिरोज गोरा, शिडशिडीत, पाणी पाहिलं की त्याचे ओठ पांढरे पडायचे. नुरलान घोड्यावर वाढलेला, रुंद खांद्यांचा. पाण्यात उतरायला तो भ्यायचा नाही, पण उतरला की खांबासारखा सरळ तळाशी जायचा. तुमच्या गटात शिकणाऱ्यांच्या जोड्या लावायची पद्धत होती. एक पाण्यात, तर दुसऱ्यानं त्याच्यावरून नजर काढायची नाही. मध्येच तुम्ही शिट्टी वाजवायचात, आणि ज्यानं त्यानं आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करून दाखवायचा. कुणी बुडत तर नाही ना, हे त्यावरून कळायचं.

तुम्ही फिरोज आणि नुरलानची जोडी लावलीत.

तुमच्या वरच्या साहेबांनी विचारलं होतं, "सुभेदार, हे जाणूनबुजून केलंत का?" तुम्ही म्हणालात, "जी साब. ज्याचा भरवसा नाय त्याच्यावरच माणूस जास्त ध्यान ठिवतो." साहेब हसले म्हणे. मी नाही हसले. मी म्हणाले, "परक्यांच्या भांडणात तुम्ही कशाला पाय घालता?" तुम्ही नुसतं "बघू" म्हणालात. तुमच्या त्या "बघू"चा मला फार राग यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं घरी गेली. परमुलखातली पोरं एवढ्याशा सुट्टीत जाणार कुठं? साहेबांची परवानगी काढून तुम्ही दोघांना इकडं आपल्या घरी घेऊन आलात. दारात त्यांना पाहून मी आत जाऊन तुम्हाला झापलं. आधी सांगायचं तरी. तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर तू नाय म्हनली असती." खरं होतं. मी त्या दिवशी नान खलिया केला. दोघं खाली मान घालून, एकमेकांकडं न बघता जेवले. फिरोजनं ताट पुसून खाल्लं, मला म्हणाला, "शुक्रिया, खोला." मला वाटलं, पोराला खाला म्हणता येत नाही. पण त्यांच्या भाषेत मावशीला खोलाच म्हणतात. नुरलाननं इकडं तिकडं पाहिलं आणि तोही म्हणाला, "खोला, और है?"

एक सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी अजिंठ्याची. अब्बांचं लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगडांचं आणि माळांचं छोटं दुकान. लहानपणापासून मी परदेशी माणसं पाहत आले, पण माझ्या लेखी परदेशी माणूस म्हणजे गिऱ्हाईक. तो येतो, भाव करतो, फोटो काढतो, गाडीत बसून जातो. परदेशी माणूस माझ्या घरी बसून ताट पुढं करून "और है?" म्हणतो, हे मला तुमच्यामुळं पाहायला मिळालं. त्या दिवशी स्वयंपाकघरात तुमच्यावर रागावलेली मी, खलिया वाढायला वाकले आणि राग कुठं गेला ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही मिशीत हसत होतात.

दुसऱ्या दिवशी फुलंब्रीला तुमच्या मोठ्या भावाच्या मळ्यात गेलो. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, विहीर काठोकाठ होती. प्रबोधिनीत सत्राच्या शेवटी उंच बोर्डावरून पाण्यात उडी मारावी लागते. ती मारली नाही तर पोरगं पुढं जात नाही, मागच्या तुकडीत बसतं. फिरोज तीनदा शिडी चढून तीनदा खाली आला होता. तुम्ही म्हणालात, "तिथल्या तलावाचा तळ दिसतो, म्हनून हा भितो. आपल्या विहिरीचा दिसतच नाय." मला हे उलटं वाटलं. भीती तर न दिसणाऱ्याचीच असते. तुम्ही म्हणालात, "बघू."

तुम्ही दोघांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधले. प्रबोधिनीतल्या साहेबांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, देव जाणे. मळ्यातल्या बायका गोळा झाल्या. तुमची चुलती काठीवर रेलून उभी होती.

"कोणत्या गावची रं ही लेकरं?"

"लई लांबची, काकी."

"तिकडं विहिरी नायत व्हय?"

"हायत. पन गोठत्यात."

"आगं बाई," चुलती म्हणाली, "मंग त्येंनी शिकावं तरी कुठं!"

बघा, देशादेशांचे करार, मैदानं, तलाव, हे सगळं तुमच्या चुलतीनं एका वाक्यात मान्य करून टाकलं आणि मी एवढी शिकलेली बाई अजून त्यावर तुमच्याशी भांडत होते. अर्थात चुलतीलाही सगळं पटायचं असं नाही. संध्याकाळी ती मला म्हणाली, "लेकरं चांगली हायत, पर फौजेत कशाला जात्यात?"

नुरलाननं मुटका मारला आणि निम्मी विहीर बाहेर आली. डब्यानं त्याला वर काढलं. तो हसत होता. फिरोज काठावरच उभा होता. मला वाटलं आता शिट्टी वाजवाल, ओरडाल. तुम्ही विडी नसलेल्या हातानं विडी ओढल्यासारखं करत बसून राहिलात. विडी सोडून वर्षं झाली होती, सवय गेली नव्हती. मग नुरलान पायऱ्यांच्या कडेला धरून वर बघत काहीतरी बोलायला लागला. हळू, त्या दोघांनाही येणाऱ्या रशियनमध्ये. फिरोजनं चिडून काहीतरी उत्तर दिलं. नुरलान परत बोलला. पहिल्यांदाच ते दोघं एकमेकांशी बोलत होते आणि आपल्याला एक शब्द कळत नव्हता. मी दुपट्ट्याआड कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटत होते. आणि फिरोजनं डोळे मिटून स्वतःला सोडून दिलं.

तो वर आला तेव्हा नुरलाननं त्याच्या बगलेत हात घालून त्याला पायरीवर ओढलं. काठावर सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या दोन्ही हातांत दुपट्टा घट्ट धरलेला होता.

काय बोललास, असं मी नंतर नुरलानला विचारलं. तो म्हणाला, "खोला, मैंने बोला, तू मरेगा तो तेरा देश बोलेगा मैंने मारा. इसलिए मरना मना है."

त्यानंतर पुढच्या दोन वर्षांत ते किती वेळा आले! नुरलानला ज्वारीची भाकरी मोडता यायला लागली. फिरोज "लई भारी" आणि "नाय बा" शिकला आणि प्रत्येक गोष्टीला तेच म्हणायला लागला. शहरात आपण मकबरा दाखवायला नेलं तर दोघं बाहेर उसाचा रस पीत बसले. त्यांची दीक्षांत परेड झाली तेव्हा त्यांच्या घरून कुणी येऊ शकलं नाही. आपण गेलो. ती पोरं समोरून पाय आपटत गेली, माना आपल्या दिशेनं वळल्या आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, "आता बोल."

"रडले म्हणून हरले असं नाही," मी म्हणाले.

"नाय, नाय. भांडण चालू ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात, आणि माझा हात धरून बसलात. साजिद पुढच्या सीटवर होता तरी.

मग तुम्ही निवृत्त झालात. पडेगावला हे घर बांधलं. ईदला दोघांचे फोन यायचे. फिरोजचं लग्न झालं. नुरलानला मुलगी झाली, तिच्या झोळीचा फोटो आला. दोघं सरहद्दीवरच्या तुकड्यांत होते, आपापल्या बाजूला. कधी कधी नदीच्या पुलावर दोन्हीकडचे अफसर बैठकीला भेटायचे, तेव्हा ते दोघं मुद्दाम एकमेकांसमोरची खुर्ची घ्यायचे म्हणे. ते ऐकून तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी मुकाट्यानं चहा टाकायला उठले.

आणि मग ती बातमी आली. आपल्याकडच्या वाहिन्यांवर तिला कुणी जागा दिली नाही. साजिदनं फोनवर वाचून दाखवली. दोन मित्रदेशांच्या सीमेवर गोळीबार, नदीकाठची गावं जळाली, लोक बाहेर पडले. तुम्ही टोपी घातलीत, काढलीत, परत घातलीत. दोघांनाही फोन लावले. कुणी उचलला नाही. दिवसभर तुम्ही अंगणात फेऱ्या मारत होतात. जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फोन तोंडाजवळ धरलात आणि तलावावरच्या आवाजात, शेजारचे दचकतील असं ओरडलात, "जोडी! हाथ ऊपर!" तेच एवढं दोघांनाही धाडलंत.

नुरलानचं उत्तर संध्याकाळी आलं. "उस्ताद, मेरा जोडीदार सामनेवाले किनारे पे है. हाथ नहीं दिखता."

फिरोजचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं, गोळीबार थांबल्यावर. त्याच्या खांद्याला लागलं होतं, तो बरा होता. घर जळालं होतं. आईला घेऊन मामाच्या गावी गेला होता. आणि शेवटी लिहिलं होतं, नुरलानचं नाव माझ्यासमोर काढू नका.

नुरलान तुम्हाला शपथेवर म्हणाला की त्याची तुकडी वरच्या खिंडीत होती, फिरोजच्या गावासमोर ते नव्हतेच. तुम्ही मानलंत. फिरोज म्हणाला की समोरच्या बाजूचे सगळे सारखेच. तेही तुम्ही मानलंत. दोघांचं मानून मधे तुम्ही वाळत चाललात.

त्या महिन्यांत आपलं भांडण जितकं विचित्र झालं तितकं कधी झालं नव्हतं. एका दुपारी तुम्ही म्हणालात, "तू म्हनत होतीस तेच खरं निघालं. त्या नदीत जे कोनी उतरले असतील, ते माझ्या हातचं पवनं पवत उतरले असतील."

एवढी वर्षं जे ऐकायची मी वाट पाहत होते, ते तुम्ही बोललात. आणि मला ते मुळीच नको होतं. मी म्हणाले, "त्या नदीवरचं भांडण तुम्ही लावलं का? तुम्ही शिकवलं नसतं तर लढाई झाली नसती का?"

"झाली असती. पन माझी पोरं त्याच्यात नसती."

"असती. फक्त त्यांना पोहता आलं नसतं."

तुम्ही म्हणालात, "तू माझ्या बाजूनं भांडायला लागलीस, तर मी कोनाच्या बाजूनं भांडू?" आणि आपण दोघंही हसलो. त्या महिन्यांतलं तुमचं तेवढंच हसू मला आठवतं.

खरं सांगू? मला अजून कळलेलं नाही कुणाचं बरोबर. आपली मैदानं, आपला तलाव दुसऱ्या देशांच्या पोरांना उघडून द्यावा की नाही, हे मोठी माणसं ठरवतात. ती ठरवतात तेव्हा त्यांच्यासमोर नकाशा असतो. तुमच्यासमोर ओठ पांढरे पडलेलं एक पोरगं होतं. नकाशावर दोस्त असलेले दोन देश एकमेकांचे दोस्त असतीलच असं नाही, हे त्या मोठ्या माणसांना ठाऊक असेलच. तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही तरी त्यांची जोडी लावलीत. मी त्याला परक्यांच्या भांडणात पाय घालणं म्हणाले होते. आज मला त्याला दुसरा शब्द सापडत नाही, पण हा शब्दही पुरत नाही.

गोळीबारानंतर तुम्ही दर जुम्म्याला दोघांना फोन करायचात. आधी एकाला, मग दुसऱ्याला. कुणाचा निरोप कुणाला दिला नाहीत. फक्त फोन ठेवताना फिरोजला म्हणायचात, "वो ठीक है." आणि नुरलानला म्हणायचात, "वो ठीक है." दोघांपैकी कुणी विचारलेलं नसायचं. पण "सांगू नका" असंही दोघांपैकी कुणी कधी म्हणालं नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. तुमच्याही आलं असणार.

मग ती सकाळ. फजरची नमाज पढून तुम्ही ओट्यावर बसलात, मला पाणी मागितलंत, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत भिंतीला टेकला होतात. बाकीचं सगळं माणसांनी केलं. दवाखाना, गाडी, कबरस्तान. मला त्यातलं फार आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तांब्या माझ्या हातात होता आणि तो कुठं ठेवावा हे मला सुचत नव्हतं.

फिरोजचा फोन तिसऱ्या दिवशी आला. रडून त्याचा आवाज बसला होता. नुरलानचा त्याच संध्याकाळी आला. तो रडला नाही. त्याच्या देशात मयताच्या घरी पहिल्यांदा काय म्हणतात, ते त्याच्या भाषेत म्हणाला, मग हिंदीत अर्थ सांगायला लागला आणि मध्येच थांबला. फोन ठेवताना दोघंही घुटमळले. ते कशाला थांबलेत हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही. नंतर भांडी आवरताना आलं. तुम्ही जे न विचारता सांगायचात, त्याची ते वाट बघत होते.

चाळिसाव्याच्या दिवशी दोघांचे परत फोन येणार होते. मी साजिदला म्हणाले, "दोघांना एकदमच लाव. ते चेहरे दिसतात तसं."

"अम्मी, नको यात पडू," तो म्हणाला. "फिरोजभाई चिडतील. आणि तू इद्दतीत आहेस. लोक म्हणतील, परपुरुषांना तोंड दाखवते."

"ती माझी पोरं आहेत. तू लाव."

पाहुणे गेल्यावर त्यानं लावला. मी दुपट्टा सारखा केला. आधी नुरलान दिसला, मागं लाकडाची भिंत. त्यानं सलाम केला. मग दुसरी चौकट उघडली, पण ती काळीच. फिरोजनं कॅमेरा बंद ठेवला होता. आवाज आला, "खोला, साथ में और कौन है?"

मी सांगितलं.

नुरलाननं मान खाली घातली. मला वाटलं आता ती काळी चौकट नाहीशी होईल. मी म्हणाले, "फिरोज, तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फक्त ठेवू नकोस. तुमच्या उस्तादांसाठी मी एक फातिहा पढते, तेवढं ऐका आणि मग जा." मी पढले. संपल्यावर दोन्हीकडून आमीन आलं. एक आधी, एक थोडं मागून.

साजिद माझ्याकडं बघत होता, तोडू का, असं डोळ्यांनी विचारत होता. मी नको म्हणाले.

काळ्या चौकटीतून फिरोज म्हणाला, "बाल कहाँ गये तेरे?"

मला आधी कळलंच नाही तो कुणाला म्हणतोय. नुरलाननं डोक्यावर हात फिरवला. पुढून चांगलाच टकला झालाय तो, उस्ताद, तुम्हाला ठाऊक नव्हतं, तो फोटोत नेहमी टोपी घालतो. तो म्हणाला, "घर में दो लडकियाँ हैं. सब उन्होंने खींच लिये."

"दो?" फिरोज म्हणाला.

"दूसरी पिछले साल हुई."

मग कुणीतरी रशियनमध्ये काहीतरी बोललं, आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं. आवाज मऊ नव्हते. मध्येच फिरोजचा आवाज चढला. नदीचं की घराचं, काय ते मला कळेना. मग नुरलान बराच वेळ बोलत राहिला आणि फिरोजनं त्याला तोडलं नाही. साजिद म्हणाला, "अम्मी, हे भांडताहेत." मी म्हणाले, "भांडू दे."

मी फोन खाटेवर तसाच ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. दूध उतू जायला आलं तसा गॅस बंद केला आणि ओट्याशी उभी राहून ऐकत राहिले. एक शब्द समजत नव्हता. दोघं अजून बोलत होते.